दुसऱ्या इंजिनाचे पंधरा तास

रावेर तालुक्यात मोठ्या खर्चाचा हिशेब केळीच्या बागेवर मांडतात. घराचा स्लॅब मृगबागेवर, मुलीचं लग्न कांदेबागेवर, ट्रॅक्टरचा हप्ता पिलबागेवर. या यादीत आता अधूनमधून एक नवा खर्च ऐकू येतो: पोराला किंवा पोरीला पायलट करायचंय. आणि ते तसं जवळ आल्यासारखंही वाटतं. धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबचं उड्डाण-प्रशिक्षण चालतं. शिरपूरजवळ तांडे इथे एनएमआयएमएसवाल्यांची वैमानिक अकादमी आहे. जळगावच्या विमानतळाचं उद्घाटन मार्च 2012 मध्ये झालं आणि 2021 मध्ये विमानतळ प्राधिकरणाने देशातल्या ज्या पाच विमानतळांवर प्रशिक्षण संस्थांना जागा दिल्या, त्यांत जळगाव होतं. म्हणजे पायलट व्हायचं तर मुंबईला किंवा फ्लोरिडालाच गेलं पाहिजे असं राहिलेलं नाही.

संस्थेचं माहितीपत्रक घरी येतं. फीचा आकडा सगळे बघतात, कारण तो दिसतोच. देशात हा कोर्स आज साधारण पन्नास लाखांच्या पुढेमागे जातो. त्या आकड्याच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ असते: 185 तास सिंगल इंजिन, 15 तास मल्टी इंजिन. ही ओळ कोणी वाचत नाही. वाचली तरी अर्थ असा लागतो की 185 तास छोट्या विमानाचे आणि 15 तास मोठ्या विमानाचे, झालं. माझं म्हणणं असं, की पालकांनी माहितीपत्रकातली एकच ओळ वाचायची असेल तर ती हीच वाचावी. नोकरी मिळणार की नाही, मिळाली तर कधी, आणि पुढे एखाद्या दिवशी मागे बसलेली माणसं सुखरूप उतरणार की नाही, या तिन्ही गोष्टी त्या पंधरा तासांशी बांधलेल्या आहेत.

आधी नियम. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी वय 18 पूर्ण, बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, पेपर लागतात: हवाई नियम, दिशाज्ञान, हवामान, तांत्रिक. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. प्रत्यक्ष उड्डाण 200 तास. त्यातले 100 तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून, 20 तास लांब पल्ल्याचे, त्यातही एक फेरी किमान 300 सागरी मैलांची आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरलेली. पाच तास रात्रीचे, दहा तास नुसत्या उपकरणांवर नजर ठेवून.

या यादीत दोन इंजिनांचं नाव कुठेच नाही. एकाच इंजिनाच्या विमानावर सगळे तास भरून लायसन्स मिळतं, आणि ते खरं लायसन्स असतं. पण ते घेऊन विमान कंपनीच्या दारात गेलं की पहिला प्रश्न येतो तो मल्टी-इंजिन नोंद आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा, म्हणजे नुसत्या उपकरणांवर उडण्याच्या परवान्याचा. प्रवासी कंपन्यांची जवळपास सगळी विमानं दोन इंजिनांची. जळगावला 23 डिसेंबर 2017 रोजी उडान योजनेतलं पहिलं विमान आलं ते एअर डेक्कनचं बीचक्राफ्ट 1900डी, दोन इंजिनांचं. एप्रिल 2024 पासून फ्लाय 91 ची जी विमानं येतात ती एटीआर 72, तीही दोन इंजिनांची. तेव्हा नियमाने ऐच्छिक असलेली गोष्ट पोटापाण्यासाठी सक्तीची होते. 'पंधरा' हा आकडा दगडावर कोरलेला नाही, शाळांच्या वाटणीतून रूढ झालेला आहे.

इतर देशांची रीत थोडी वेगळी. अमेरिकेत एका इंजिनाचा परवाना असलेल्याला दुसऱ्या इंजिनाची नोंद घ्यायची तर किमान तासांची अटच नाही, वेगळी लेखी परीक्षाही नाही. शिक्षक म्हणाला तयार आहेस की परीक्षकापुढे बसायचं. युरोपात मोजूनमापून काम: आधी विमानप्रमुख म्हणून 70 तास झालेले हवेत, मग सात तास वर्गात आणि किमान सहा तास हवेत. या सहा तासांची फोड बघण्यासारखी आहे. दोन्ही इंजिनं नीट चालू असताना अडीच तास, आणि एक बंद पडलं असं धरून साडेतीन तास. अर्ध्याहून जास्त वेळ 'बंद पडलं तर'साठी. ही नोंद तिथे वर्षभरच टिकते, मग पुन्हा परीक्षा.

रावेरच्या पारावर यावर उत्तर तयार असतं. एक बंद पडलं तं दुसरं हाये ना भो! मंग भ्या कायले?

भ्यायला कारण आहे. एका इंजिनाच्या विमानात इंजिन बंद पडलं तर विमानाचं ग्लायडर होतं. नाक खाली करायचं, शेत शोधायचं, उतरायचं. अवघड असलं तरी सरळ काम. दोन इंजिनं पंखांवर डावी-उजवीकडे बसवलेली असतात. त्यातलं डावं गेलं की उजवं विमानाला डावीकडे वळवू लागतं आणि डाव्या बाजूचा वाऱ्याने फिरणारा पंखा वरून ओढ लावतो. शेतात ट्रॅक्टर वळवताना एकाच बाजूचा ब्रेक दाबला की तो जागच्या जागी कसा गरकन फिरतो, तसं हे. फरक एवढाच की ट्रॅक्टर उलटला तरी जमिनीवरच असतो. विमान नाक वळवतं, मग पंख झुकवतं, आणि वेग कमी असेल तर पाठीवर पडतं. चालू असलेलं इंजिनच ते उलथवतं.

हे वळणं आवरायला पायाखालचं रडर असतं. पण रडरला ताकद येते वाऱ्याच्या वेगातून. एका ठरावीक वेगाखाली पाय पूर्ण दाबूनही नाक सरळ राहत नाही. त्या वेगाला व्हीएमसी म्हणतात आणि वेगाच्या घड्याळावर तिथे लाल रेघ असते. जरा वर निळी रेघ असते: एका इंजिनावर सगळ्यात चांगलं चढता येईल तो वेग. पंधरा तासांचा मोठा भाग या दोन रेघांभोवती जातो. बहुतेक जुन्या धाटणीच्या विमानांत दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरतात, त्यामुळे डावं इंजिन गेलेलं उजव्यापेक्षा जास्त महागात पडतं. त्याला क्रिटिकल इंजिन म्हणतात. पायपर सेनेकाचे पंखे पहिल्या आवृत्तीपासूनच उलटसुलट फिरतात म्हणून त्यात हा भेद नाही. इटलीच्या टेक्नाम पी2006टी या हलक्या विमानात रोटॅक्सची शंभर-शंभर अश्वशक्तीची दोन इंजिनं आहेत, पंखे एकाच दिशेचे. तेव्हा 'मी ट्विन उडवलंय' एवढ्यावर भागत नाही, कोणतं उडवलं ते सांगावं लागतं.

आता प्रत्यक्ष शिकवणी. विमान तीन-साडेतीन हजार फुटांवर नेलेलं. शिक्षक उजव्या खुर्चीत. तो गॅसच्या दांड्यांवर कागद किंवा नकाशा आडवा धरतो आणि मागून एक दांडी हळूच ओढतो. नाक लगेच एका बाजूला सरकतं. विद्यार्थ्याचा पाय आपोआप विरुद्ध पेडलवर जायला हवा. मग हात: सगळ्या दांड्या पुढे, पूर्ण ताकद. चाकं वर, फ्लॅप वर. आणि मग मंत्र: 'डेड फूट, डेड इंजिन.' जो पाय मोकळा, त्या बाजूचं इंजिन मेलेलं. विद्यार्थी मोठ्याने म्हणतो, "लेफ्ट इंजिन फेल्ड." इथे घाई करायची नसते. आता त्याच बाजूची थ्रॉटल सावकाश मागे ओढून बघायची. काहीच बदललं नाही, आवाज तोच, नाक तिथेच, तर ओळख बरोबर. बदललं, तर आपण चांगल्या इंजिनाला हात घातलाय. खात्री पटल्यावरच त्या पंख्याची पाती वाऱ्याच्या रेघेत वळवायची, म्हणजे फेदर करायचा, की ओढ कमी होते. शेवटी चालू इंजिनाच्या बाजूला पाचेक अंशांपर्यंत झुकून विमान सरळ धरायचं.

विमानागणिक हातांची सवय बदलते. सेनेकाला प्रत्येक इंजिनाला तीन दांड्या. टेक्नामच्या रोटॅक्सला मिक्स्चरची, म्हणजे हवा-इंधनाच्या मिश्रणाची, दांडीच नाही, तो हिशेब कार्ब्युरेटर स्वतः करतो. गोंदियाजवळ बिरसीला 2008 पासून जी राष्ट्रीय संस्था आहे, तिथलं डायमंड डीए42 तर डिझेल जातीच्या इंजिनावर, जेटच्या इंधनावर चालतं. त्यात एका इंजिनाला एकच दांडी, आणि फेदर करायचं म्हणजे त्या इंजिनाचा मास्टर स्विच बंद करायचा. मंत्र तोच, पण ज्या हाताला तीन दांड्यांची सवय त्याला एक दांडी गोंधळात टाकते.

खरोखर इंजिन बंद करून पंखा थांबवणं हे उंचावरच करतात. अमेरिकेच्या परीक्षेत 3,000 फुटांखाली ते संपता कामा नये असा दंडक आहे. त्याखाली फक्त दांडी मागे घेऊन सोंग. यावर काही मुलं हसतात, म्हणतात हे नाटक. नाटक असेल, पण जमिनीजवळ खरं इंजिन बंद करण्याच्या नादात शिक्षक-विद्यार्थी दोघंही गेल्याची उदाहरणं जगभर आहेत.

खानदेशात याला आणखी एक पदर आहे, तो उन्हाचा. जळगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास. मे महिन्यात पारा 45 ला गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला ती साडेचार हजार फुटांवरची वाटते. टर्बो नसलेलं इंजिन तिथे दहा-पंधरा टक्के ताकद गमावतं. आता हे ऐका: दोनपैकी एक इंजिन गेलं म्हणजे ताकद निम्मी जाते, पण चढण्याची क्षमता ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त जाते. कारण बरीचशी ताकद विमान नुसतं तरंगत ठेवायला लागते, वर चढवते ती उरलेली. थंड सकाळी समुद्रकाठी जे हलकं ट्विन एका इंजिनावर मिनिटाला दोनशे-अडीचशे फूट चढतं, ते जळगावच्या दुपारी जेमतेम उंची धरून राहील, कदाचित तेही नाही. अमेरिकेच्या जुन्या प्रमाणपत्र-नियमांत 6,000 पौंडांखालच्या, मंद वेगाने उतरू शकणाऱ्या ट्विनना एका इंजिनावर चढता आलंच पाहिजे अशी अटच नव्हती. ते चढतं की उतरतं एवढं मोजून पुस्तकात लिहिलं की झालं.

दुसरा फटका जास्त छुपा. विरळ हवेत इंजिनाची ताकद कमी, म्हणून ओढून वळवण्याचा जोर कमी, म्हणून ती लाल रेघ खाली सरकते. ऐकायला बरं वाटतं. पण विमान ज्या वेगाला हवेतली पकड सोडतं, म्हणजे स्टॉल होतं, तो वेग घड्याळावर तसाच राहतो. दोन्ही आकडे जवळ येतात. व्हीएमसी दाखवायला शिक्षक वेग कमी करत जातो आणि नाक वळायच्या आधीच विमान स्टॉल होतं, तेही एका बाजूने ताकद लावलेली असताना. त्यातून स्पिन होऊ शकतो, म्हणजे विमान गरगरत खाली येऊ शकतं. म्हणून उन्हाळ्यात हा धडा सकाळी लवकर, वजन बेताचं ठेवून आणि भरपूर उंचीवर घ्यायला हवा. हे शिक्षकाने स्वतःहून सांगायला हवं. सांगितलं नाही तर विद्यार्थ्याने विचारायला हवं.

चुकीचं इंजिन बंद केल्याचे दोन दाखले या धंद्यात सगळ्यांना पाठ असतात. 8 जानेवारी 1989 ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ ब्रिटिश मिडलंडचं बोइंग 737 पडलं. बिघाड डाव्या इंजिनात होता, वैमानिकांनी उजवं बंद केलं. 126 पैकी 47 माणसं गेली. दुसरा दाखला जळगावकरांच्या जास्त जवळचा, कारण विमान तेच, एटीआर 72-600. 4 फेब्रुवारी 2015 ला तैपेईहून निघालेल्या ट्रान्सएशियाच्या विमानाचं उजव्या बाजूचं इंजिन उड्डाणानंतर काही क्षणांत सदोष सिग्नलमुळे आपोआप फेदर झालं. डावं उत्तम चालू होतं. कॅप्टनने डावं बंद केलं. विमान उड्डाणपुलाला घासून नदीत पडलं. 58 पैकी 43 जण गेले. चौकशी अहवालात एक गोष्ट नोंदवलेली आहे: त्या कॅप्टनच्या आधीच्या प्रशिक्षणात 'उड्डाणाच्या वेळी इंजिन बंद' या प्रसंगी तो अडखळतो, असा शेरा प्रशिक्षकांनी मारलेला होता. शेरा कागदावर राहिला आणि माणूस उडत राहिला.

12 जून 2025 ला अहमदाबादला एअर इंडियाचं ड्रीमलायनर पडलं तेव्हा 'दोन इंजिनं असून कसं पडलं' हा प्रश्न घरोघर विचारला गेला. प्राथमिक अहवालाप्रमाणे उड्डाणानंतर दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले. का, यावर इथे अंदाज करणं योग्य नाही. पण ते प्रकरण आणि हे प्रशिक्षण वेगळं आहे, एवढं पालकांनी लक्षात घ्यावं. हे पंधरा तास एक इंजिन गेल्यावर काय करायचं ते शिकवतात. दोन्ही गेल्यावर विमान पुन्हा ग्लायडरच.

खानदेशला अपघात परका नाही. 16 जुलै 2021 ला शिरपूरच्या अकादमीचं प्रशिक्षण विमान चोपडा तालुक्यात वर्डी गावाजवळ सातपुड्याच्या कुशीत कोसळलं. एका इंजिनाचं होतं. शिक्षक गेला, प्रशिक्षणार्थी मुलगी जखमी झाली. रस्ता नाही, स्ट्रेचर नाही. तिथल्या एका आदिवासी बाईने अंगावरची साडी सोडून झोळीला दिली आणि गावकऱ्यांनी त्या झोळीतून मुलीला खाली आणलं. रावेर-यावलकडच्या आया हे अजून सांगतात, आणि त्यांच्या मुलांना ते आवडत नाही.

त्याच मुलांना दुसरी गोष्ट सांगायला आवडते. बोदवड तालुक्यात नाडगावला जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना 25 नोव्हेंबर 2009 ला पुण्याच्या लोहगावहून सुखोई-30 मधून उडाल्या. वय 74. सुखोईलाही इंजिनं दोनच. अर्थात ताई मागच्या खुर्चीत होत्या, दांड्या पुढच्याच्या हातात.

आता पैशाकडे. ट्विनचा एक तास साध्या विमानाच्या तासाच्या दुप्पट-अडीचपट, कधी त्याहून महाग पडतो. दोन इंजिनं म्हणजे दुप्पट इंधन आणि दुप्पट देखभाल हे सरळच आहे. शिवाय यातल्या बऱ्याच विमानांना लागणारं एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, अगदी अलीकडेपर्यंत पूर्ण आयात व्हायचं. सप्टेंबर 2022 मध्ये इंडियन ऑइलने ते वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवायला सुरुवात केली. खरी अडचण मात्र इंधनाची नाही, विमानांच्या संख्येची आहे. साध्या विमानांचा ताफा दहा-पंधरा असलेल्या शाळेतही ट्विन एखादंच असतं. ते देखभालीला गेलं, सुटा भाग परदेशातून यायचा राहिला, की 185 तास संपवलेली मुलं ओट्यावर बसून राहतात. बसलेल्या मुलाचा खोलीभाडं-जेवणाचा खर्च चालूच असतो आणि बँकेचं व्याजही. इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी विमानप्रमुख म्हणून 50 तास लांब पल्ल्याचे आणि 40 तास उपकरणांवरचे लागतात, त्यातले 20 पर्यंत सिम्युलेटरवर चालतात. पण त्याची परीक्षा कंपन्यांना ट्विनवरची हवी असते. म्हणजे एकच विमान, आणि त्यावर सगळ्या बॅचची गाठ.

या गर्दीत एक जुनाच रोग बळावतो. पंधरा तासांतले काही सिम्युलेटरवर, काही नुसते टेक-ऑफ आणि लँडिंग करून भरले जातात. एक इंजिन बंद ठेवून उडण्याचे तास कमी पडतात. लॉगबुकात पंधरा दिसतात. कंपनीत ए320 च्या टाइप रेटिंगला, म्हणजे त्या विमानाच्या खास प्रशिक्षणाला, गेल्यावर, जिथे पुन्हा काही लाख मोजलेले असतात, सिम्युलेटरमध्ये पहिलं इंजिन गेलं की हे उघडं पडतं. देशात 2022 मध्ये 1,165 आणि 2023 मध्ये 1,622 कमर्शियल लायसन्सं दिली गेली. एवढ्या जणांतून कंपनी निवडणार ती पाय कोणाचा आधी हलतो ते बघून.

परदेशी जाणाऱ्यांचंही सोपं नाही. अमेरिकेत विमानं भरपूर, हवामान स्वच्छ, तास पटापट होतात. पण परत येऊन डीजीसीएचे पेपर आणि उड्डाण-चाचण्या देऊन लायसन्स भारतीय करून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी पुन्हा इथल्याच ट्विनच्या रांगेत उभं राहावं लागतं. ज्याच्याकडे पन्नास लाख नाहीत त्याने महाज्योती आणि नागपूर फ्लाइंग क्लबच्या सरकारी योजनांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. जागा थोड्या असतात, पण ती वाट आहे.

पैसे भरण्याआधी शाळेत जाऊन पुढचं विचारावं, आणि उत्तर लेखी मागावं. ट्विन किती, आणि आज त्यातली उडण्याजोगी किती? गेल्या बॅचला 185 तास संपल्यावर ट्विनसाठी किती महिने थांबावं लागलं? पंधरापैकी सिम्युलेटरवर किती, हवेत किती, आणि हवेतल्यांत एक इंजिन बंद धरून किती? तो खर्च फीमध्ये धरलेला आहे की वेगळा? मल्टी-इंजिन शिकवण्याचा अधिकार असलेले शिक्षक किती, की एकच आहे आणि तो सुट्टीवर गेला की काम थांबतं? डीजीसीएने 2025 पासून प्रशिक्षण संस्थांची प्रतवारी वर्षातून दोनदा जाहीर करायला सुरुवात केली आहे. त्यात ही शाळा कुठे बसते ते बघावं. हँगरमध्ये जाऊन ट्विन डोळ्यांनी बघावं. चाकांखाली धूळ साचलेली असेल तर समजायचं ते समजावं.

आणि हे सगळं करण्याआधी मुलाची किंवा मुलीची डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे दुसऱ्या वर्गाची, मग पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. तिला काही हजार लागतात. तिथेच नकार आला तर बाग वाचते.